शिट्टीविना वरण

३ मार्च, सोमवार
परदेशातली खोली ताब्यात. घरमालकीणबाईंनी दिलेलं सामान: विजेची किटली, एक शेगडी, टोस्टर. माणसाला याहून काय लागतं? बायको रविवारी येतेय. लग्न नवं, निम्मा संसार फोनवरच झाला. कुकर आणू का, म्हणाली. म्हटलं, मुळीच नको. त्या जागेत माझी पुस्तकं भर. स्वयंपाक मी हातात घेतलाय. ती इतकी खूश झाली की मलाच भरून आलं.

४ मार्च
आईला फोन करून वरण विचारलं. आईचं सगळं गणित शिट्ट्यांत. डाळीला चार. मिनिटं विचारली तर म्हणाली, मिनिटं कोण बघतं रे? किटलीला शिट्टी नाही, पण पाणी उकळलं की टक् करून बंद पडते. एक टक् म्हणजे एक शिट्टी. उगाच नाही इंजिनिअर झालो.

५ मार्च
चार टक् झाले. डाळ कडक. इथली डाळच वाईट. आणखी टक् दिले. फेस झाकणातून ओट्यावर, तिथून मोज्यांवर. प्रगती आहे.

६ मार्च
चहा पिवळा. हिंगाचा वास. पौष्टिक असावा.
बायकोने विचारलं, काल काय केलंस? वरण, म्हटलं. खोटं नाही, केलं होतं. खाल्लंस का, असं तिने विचारलं नाही.

७ मार्च, शुक्रवार
आज शेगडी. आधी फोडणी. मिरची तेलात पडली आणि छतावरचा धुराचा अलार्म केकाटला. शेवटी या घरात शिट्टी झाली! घरमालकीणबाई ओला टॉवेल घेऊन धावत आल्या. खोकत विचारलं, कुणी हल्ला केला का? जाताना शेगडी घेऊन गेल्या. बरंच झालं. ओटा मोकळा दिसतो.

८ मार्च
कुकर आणच, असं सांगायला फोन केला. ती म्हणाली, माझा नवरा स्वयंपाक करतो हे अख्ख्या ऑफिसला सांगून आलेय. माझी जीभ रेटेना. हवेपाण्याचं बोललो. शहाणी आहे ती, गुपचूप आणेलच.

९ मार्च, रविवार
आली. मी तिच्याआधी बॅगेकडे धावलो. पुस्तकं. तळापर्यंत पुस्तकंच.
कुकर शेजारच्या काकूंना देऊन टाकला म्हणाली. तिला स्वयंपाक येतच नाही. माहेरी बाबाच करायचे. मला कसं सांगावं या धास्तीने तिची झोप उडाली होती; मी हातात घेतलाय म्हटल्यावर जिवात जीव आला. आता भूक लागलीय, तुझं ते वरण कर ना, म्हणाली.
डाळ धुऊन किटलीत टाकली. दोघं ओट्याशी उभे राहिलो. टक् झालं.
झालं? तिने विचारलं.
म्हटलं, नाही, ही पहिली शिट्टी.