दोघींसाठी ठरवलेलं टेबल

प्रिय करिष्मा,

पत्र बघून धसका घेऊ नकोस. मी बरी आहे, म्हैसही बरी आहे. फोनवर सांगायला चारदा तोंड उघडलं, पण तुझा आवाज ऐकला की भलतंच बोलून जाते. म्हणून लिहितेय.

माझ्या वाढदिवसाला तू पुण्यात बसून बीडच्या त्या नव्या एशियन हॉटेलात टेबल ठरवलंस, माझं आणि अंगणवाडीतल्या शिवकन्येचं. दुसऱ्या दिवशी विचारलंस तेव्हा मी 'लई भारी होतं' म्हणाले. ते खोटं होतं. काळ्या दगडी ताटलीत गार भाताच्या चार गुंडाळ्या आल्या. मग उकडलेला पांढराफटक पाव, आतून कच्चा. नारळाच्या दुधातली करी इतकी गोड, की कालवण खातेय की खीर, कळेना. वेटर येऊन इंग्रजीत काहीतरी विचारायचा आणि मी हसून मान डोलवायची. तुला माझी सवय माहीत आहे. तुझे बाबा गेल्यापासून नऊ वर्षं पुढ्यात येईल ते खाल्लं. आवडलं का, हे मी स्वतःलाही विचारलं नाही.

आता दुसरं खोटं. शिवकन्या आलीच नव्हती. "मला ताप आलाय असं समज, अन् सरांना घेऊन जा," म्हणाली. सर म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातले उत्तरेश्वर सर. आपली म्हैस विताना अडली होती तेव्हा भर उन्हाळ्यात चार तास गोठ्यात उभे होते, ते. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली.

तर सरांनी मधेच चमचा खाली ठेवला. "मंजुळाबाई, खरं सांगा. आवडलं का?" मी हो म्हणणार होते, पण तोंडून "न्हाई" निघालं. ते म्हणाले, "मलाबी न्हाई. तुमच्याकडं बघून गिळायलो." मग आम्ही इतके हसलो, की शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले.

परतताना मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबलो. सरांनी स्वतः काही मागवलं नाही. "तुमाला काय खायचंय?" एवढंच विचारलं. करिष्मा, मी भिंतीवरची पाटी दोनदा वाचली. त्यांनी जराही घाई केली नाही. शेवटी मीच म्हणाले, शेवभाजी, चांगली तिखट. नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर दोन भाकरी खाल्ल्या. तिथंच त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. मी म्हणाले, लेकीला सांगितल्याबिगर बोलणार न्हाई. "सांगा की. मी थांबतो," म्हणाले.

त्यांनी लग्नाचं विचारलंय, बाळा. मी परवानगी मागत नाहीये, माझं मन ठरलंय. पाटोद्यात लोक बोलतील, तुझी आत्या आठवडाभर रडेल, ते मी बघून घेईन. बाबांचा फोटो जिथं आहे तिथंच राहील, हे मी म्हणायच्या आधी सरच म्हणाले. बीडला नोंदणी करायची आहे. तीन साक्षीदार लागतात. एक शिवकन्या, दुसरा सरांचा भाऊ पंडित. तिसऱ्या जागी मी कुणाचंच नाव दिलेलं नाही. राग आला असेल तर भांडायला ये, पण ये. ती सही मला तुझीच हवी आहे.

वाट बघणारी, तुझीच
आई