डाव्या कानाची तक्रार

बारडोली,
८ नोव्हेंबर २०२५

चि. वर्षास सुरेशमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत, त्याचा राग धरू नकोस. हा नवा फोनही बिघडलेला निघाला. आधीचा निदान पुटपुटत तरी होता, हा नुसता श्वास घेतो. दुकानदाराने मोठ्या आवाजाचा आहे म्हणून माझ्या गळ्यात मारला. आवाज पूर्ण चढवला तरी पलीकडचा माणूस विहिरीच्या तळाशी बसून बोलतोय असं वाटतं. म्हणून हे पत्र.

तू या यंत्रांच्या दुरुस्तीच्याच खात्यातली. कंपनीला माझ्या वतीने चार कडक शब्द ऐकव. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्मभर उसाचा रस तपासला मी. चुकीचं माप दाखवणारं यंत्र एक दिवस टेबलावर ठेवून घेतलं नाही.

आणि एक सांग. लोक एवढी यंत्रं घेतात तरी कशाला? आपली ऋचा दिवाळीला माहेरी आली, तर कानांत दोन पांढरे खडे घालून भाजी चिरत बसायची. मला वाटलं, पोरीचा कान दुखतोय, म्हणून लसणाचं तेल कोमट करायला सांगितलं. ती हसत सुटली. तुझ्या खिडकीवर सगळं सूरत येतं, तुला ठाऊक असणार.

मामी बरी आहे. हल्ली फार ओरडून बोलते. वयाबरोबर स्वभाव चढतो बहुतेक.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
सुरेशमामा

*

उधना, सूरत,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. सुरेशमामांस वर्षाचा शि. सा. न.

तुमचं पत्र कामाच्या पत्त्यावर आलं आणि आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गर्दी जमली. शेजारच्या खिडकीवरच्या प्रियांकाला वाटलं, कोणा ग्राहकाची वकिलाची नोटीस आली.

लोक यंत्रं का घेतात, हे मला अजून कळलेलं नाही. पण कुतूहल मात्र संपत नाही. इथे दर सणाला एक लाट येते. मागे मनगटी घड्याळांची आली, झोप मोजणाऱ्या. अडाजणच्या एक शिक्षिका तक्रार घेऊन आल्या की घड्याळ रोज सकाळी झोप वाईट झाली म्हणून सांगतं. मी विचारलं, तुम्हाला कशी झोप लागते? त्या म्हणाल्या, छानच लागायची, पण हे वाचल्यापासून दिवसभर थकल्यासारखं होतं. त्यांना घड्याळ परत करायचं नव्हतं. ते चांगलं बोलेल असं करून हवं होतं. मग उन्हाळ्यात गळ्यातले पंखे आले. कापड मार्केटच्या बायकांचे केस त्यांत अडकले, आणि ती लाट ओसरली.

आता कानातल्या खड्यांचा हंगाम आहे. कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यातला लखन नावाचा कारागीर आला, बॅटरी लवकर उतरते म्हणून. दिवसभर काय ऐकता म्हटलं, तर म्हणाला, काहीच नाही. मग घालता कशाला? तर हळूच म्हणाला, "शांती माटे." शांततेसाठी. कानात ते दिसलं की कोणी बोलायला येत नाही. मामा, लोक मशीन टेबलावर ठेवतात, पण सांगत असतात बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी.

तुमच्या फोनचं नंतर लिहिते. आधी मगनबापूंचं ऐका. मूळचे धुळ्याकडचे, पांडेसऱ्यात राहतात, जन्म कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यात गेला. मुलाने दिवाळीला त्यांना असे खडे घेऊन दिले. बापू घरी ते मिरवतात, नातवंडांपेक्षा जास्त. पण तक्रार अशी की डावा वाजत नाही. आम्ही बदलून दिला. पुन्हा आले, डावा वाजत नाही. पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा आले तेव्हा आमचे साहेब वैतागले. मी स्वच्छ पुसून माझ्या कानात घालून पाहिले, दोन्ही खणखणीत. मग मी डावा त्यांच्या उजव्या कानाशी धरला. ते ऐकत राहिले. मग उजवा डाव्या कानाशी धरला. त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन स्वतःच पुन्हा उजव्या कानाशी नेला. मग अहिराणीत म्हणाले, "मंग यंतर चांगलं शे. मना कानच गया."

मला फार वाईट वाटलं, पण ते हसले. म्हणाले, लूमच्या खडखडाटात कोण कधी बहिरा झाला, कळायला शांतता लागते, ती आम्हाला कुठे मिळाली.

मामा, भाऊबीजेला मी तुम्हाला विचारलं होतं, यंदा कारखाना कधी सुरू होणार. तुम्ही म्हणालात, "घे की अजून एक," आणि माझ्या पानात करंजी वाढलीत. मी ती खाल्ली.

रागावलात तरी लिहा. लेकरावर लोभ असू द्या.

तुमची,
वर्षा

*

बारडोली,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. वर्षास आशीर्वाद.

पत्र पावले. मगनबापू खरेच आहेत की तू माझ्यासाठी घडवलेस, हे मी विचारणार नाही.

माझं म्हणशील तर मला सगळं ऐकू येतं. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. कारखान्याच्या सभेला जाणं मी सोडलं, ते भाषणं कंटाळवाणी असतात म्हणून.

सहज विचारतो, मगनबापूंना आधी काय ऐकू येईनासं झालं? कुकरची शिट्टी? पाखरं? आणि हे हळूहळू होतं का, म्हणजे माणसाला पत्ता न लागता? आणखी एक. कानाच्या मागे जे मशीन बसवतात, ते लावून गावात फिरलं की लोक म्हातारा म्हणून मोठमोठ्याने बोलतात. ऋचाचे खडे पाहून मात्र कोणी काही म्हणत नाही. वस्तू तेवढीच, जागा तीच. हे कसं, हे तुझ्या खिडकीवर कोणाला विचार.

मामीला यातलं काही कळवू नकोस.

तुझा,
सुरेशमामा

*

उधना, सूरत,
२८ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस शि. सा. न.

मगनबापू खरे आहेत आणि पुढच्या शनिवारी, सहा तारखेला, मजुरा गेटजवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे जाणार आहेत. मुलाला सुट्टी नाही, मला खिडकी सोडता येत नाही. एकट्याला डॉक्टरांचं बोलणं समजणार नाही. तुम्ही त्यांच्या सोबतीला याल का? ते अकरा वाजता दाराशी उभे असतील. पांढरी टोपी.

शिट्टीचं मी विचारलं. ते म्हणाले, आधी बायकोचा आवाज गेला. बारीक आवाज आधी जातात म्हणे.

नाही म्हणू नका.

तुमची,
वर्षा

*

बारडोली,
१४ डिसेंबर २०२५

चि. वर्षास अनेक आशीर्वाद.

सोबतीला गेलो. मगनबापू भला माणूस. दोघेही एकमेकांना "आं?" म्हणत तासभर गप्पा मारत होतो आणि समोर बसलेली बाई तोंडाला पदर लावून हसत होती. त्यांची तपासणी झाल्यावर आतल्या मुलीने माझंच नाव पुकारलं. मगनबापूंनी दंड धरून मला उठवलं. ते नाव तिथे कोणी दिलं, ते मी समजलो.

काचेच्या खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. मी हुशारीने अंदाजाने दाबू लागलो, तर मुलगी हसून म्हणाली, काका, मी अजून काही वाजवलंच नाही. शेवटी तिने कागदावर रेघ दाखवली. साखरेचा असा उतारा आला असता तर मी कारखाना बंद करवला असता.

एक मशीन वापरून बघायला दिलं आहे. ऋचाच्या खड्यासारखंच दिसतं. बसमध्ये ते काढून खिशात ठेवावंसं वाटलं, ठेवलं नाही. कोणी बघितलंही नाही. कागदाची पिशवी इतकी आवाज करते, हे मी विसरलो होतो. स्वतःच्या चपलांचा तर त्रासच झाला.

घरी मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पेपर घेऊन बसलो. मामी माझ्यामागे मेथी निवडत होती. आणि बोलत होती. ओरडून नव्हे, अगदी हळू. शेजारच्या जयश्रीच्या सुनेला दिवस गेले आहेत. दूधवाला पाणी घालतो. जिना चढताना गुडघ्यात कळ येते, रात्री कूस बदलता येत नाही. मध्येच म्हणाली, तुम्हाला सांगून काय म्हणा, आणि पुन्हा सांगू लागली. वर्षा, ती माझ्याशीच बोलत होती. मला ऐकू येत नाही हे ठाऊक असून, कोण जाणे किती दिवसांपासून.

मी पेपरातून मान वर न करता विचारलं, "गुडघ्याचं मला आधी का नाही सांगितलंस?"

तिचे हात थांबले. ती म्हणाली, "सांगितलं होतं."

मी वळून तिच्यापुढे जाऊन बसलो, मेथीची अर्धी जुडी माझ्याकडे घेतली आणि म्हटलं, आता पहिल्यापासून सांग. तेव्हापासून सांगतेच आहे. आत्ताही हाक मारते आहे, म्हणून इथेच पुरे करतो.

तुझ्यावर जीव आहे, तो वेगळा लिहून कळवावा लागू नये.

तुझा,
सुरेशमामा