सातव्या गाण्याखालचं नाव

प्रिय प्रीता,

तुझ्या नव्या अल्बमचं कव्हर काल पाहिलं. शुक्रवारी ते छापायला जाणार, म्हणून हे पत्र लिहून झालं की बाबा त्याचे फोटो काढून तुला पाठवतील. रविवारची झोप मोडून मी तुला मराठी शाळेत नेत होते ते उगाच नाही, सावकाश वाच. सातव्या गाण्याखाली तू 'पारंपरिक' असं लिहिलं आहेस. ते चुकलं आहे, आणि चूक तुझी नाही, माझी आहे.

पण आधी तुझं कौतुक करू दे, फोनवर तू करू देत नाहीस. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून तू गराज सेलमधली ती कुणाची तरी वापरलेली गिटार घेऊन निघालीस, तेव्हा बाबा तीन महिने तुझ्याशी धड बोलले नाहीत. तू मात्र जुनी व्हॅन चालवत गावोगाव गात राहिलीस, कधी चर्चच्या तळघरात, कधी कुणाच्या दिवाणखान्यात वीस माणसांपुढे. इथे ट्रॉयमध्ये मराठी मंडळातल्या बायका मला विचारायच्या, प्रीता सध्या काय करते? मी सांगायचे, गाते. ते ठीक, पण आणखी काय करते, असं विचारलं की सांगायचे, गाणी लिहिते. आता कार्यक्रमांत बाबाच तुझ्या सीडी विकायच्या टेबलाशी बसतात आणि कोणतं गाणं कोणत्या गावात सुचलं ते लोकांना ऐकवतात. निम्मं चुकीचं सांगतात, पण सांगू दे.

ज्या गाण्याचा कर्ता माहीत नसतो त्याखाली तुम्ही लोकगीतवाले 'पारंपरिक' लिहिता. त्याआधी इमानदारीने चौकशी करता, तशी तू माझ्याकडेही केलीस. मी सांगून टाकलं, बार्शीच्या माझ्या आजीचं आहे. अगं, आजीने जन्मात बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या गाड्यावर. आणि गाणं काय म्हणतं?

पांढऱ्या बर्फात
माहेराची वाट बुजली
लेक मांडीवर निजली
म्हणून थांबले

मिशिगनमध्ये वाढलेल्या मुलीला ओवीतल्या बर्फाचं काहीच वाटलं नाही, याचं मला अजून हसू येतं.

ते गाणं मी रचलं. तू पाच महिन्यांची होतीस. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, गाडी चालवता येत नव्हती, बाबा अंधार पडल्यावर घरी यायचे. दिवसभर मी आणि तू. तुझ्या पाळण्याखाली एक बॅग भरून ठेवली होती, माझे आणि तुझे कपडे, दोघींचे पासपोर्ट. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या आणि मला ते गुणगुणताना ऐकून त्यांनी विचारलं, हे कुणाचं गाणं? आपल्याकडे जुन्या ओवीत बाईने काहीही म्हणावं, सासरचे वाभाडे काढावेत, सगळे माना डोलावतात. तेच सुनेने स्वतःचं म्हणून म्हटलं तर घरात महाभारत होतं. मी घाबरले आणि आजीचं नाव पुढे केलं. मग चौतीस वर्षं तेच सांगत राहिले.

काल बाबांना खरं काय ते सांगितलं, बॅगेसकट. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, पूर्ण म्हणून दाखव. ऐकून डोळे पुसले आणि तुला लगेच लिही म्हणून मागे लागले. तेव्हा 'पारंपरिक' काढून टाक आणि तिथे 'शब्द आणि चाल: मीनाक्षी' असं छाप. तुला दोनच कडवी येतात. तिसरं मी तुझ्यासमोर कधी म्हटलं नाही, कारण त्यात ती बाई थांबत नाही, निजलेल्या लेकीला तशीच ठेवून निघते. तू आता ते ऐकण्याइतकी मोठी झाली आहेस. तुझ्या अ‍ॅन आर्बरच्या कार्यक्रमात मला पहिल्या रांगेतली खुर्ची नको. स्टेजवर आणखी एक माइक लाव. गिटार तू वाजव, तिसरं कडवं मी म्हणणार आहे.

तुझीच,
आई