सेन्सरपुढे हलण्याचं काम

ती. अंबादासमामा,

बोरीवलीहून सर्वेशचा साष्टांग नमस्कार (स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून घातलाय). मामीचा गुडघा कसा आहे? तुमचं बीपी? मी इंजिनीअरिंग अर्धवट सोडल्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हा कागद. फाडायचाच असेल तर निदान ताजा कलम वाचून फाडा.

रविवारी बसलेला धक्का अजून उतरलेला नाही. विजेचा नव्हे, तसले मी रोज खातो. आमच्या समोरच्या विंगेतले अनंतकाका तुम्हाला आठवत असतील, सोसायटीचे सेक्रेटरी, गणपतीत भर आरतीत तुम्हाला ‘टाळ नीट धरा’ म्हणाले होते ते. त्यांच्या घरचे दिवे मी स्मार्ट करून दिले. भिंतीतली जुनी बटणं तशीच ठेवली, प्रत्येकामागे काड्यापेटीएवढं एक यंत्र बसवलं, आणि हॉलच्या कोपऱ्यात हालचाल ओळखणारा सेन्सर. माणूस हलला की दिवा लागतो, दहा मिनिटं कोणी हललं नाही की विझतो. (काकांनी स्वतः बटण दाबून लावला तरी विझतो. ही माझी चूक, पण हे मी फक्त तुम्हाला लिहितोय.) एवढा उपद्व्याप कशासाठी? काकांची मुलगी गंधाली. आमचं जमून दोन वर्षं झाली. दोन्ही घरांत कोणालाच माहीत नव्हतं.

रविवारी पाचला काकांचा फोन, "सर्वेश, पळत ये! दिवे विझतायत, घरात माणसं बसलीयत!" शेजारच्या नव्या टॉवरने त्यांच्या हॉलमधला उजेड पार गिळलाय, त्यामुळे तिथे दिवसाही दिवे लागतात. धावलो. दार उघडतं तो सोफ्यावर निहार नावाचा कडक इस्त्रीचा मुलगा, बाजूला त्याचे आईवडील, टीपॉयवर कांदेपोहे, आणि गंधाली साडीत! मामा, हातातला टेस्टर खाली पडला. तिला बघायला आलेल्या लोकांना ती नीट दिसावी म्हणून मला बोलावलं होतं!

आता बघण्याच्या कार्यक्रमात हलतं कोण? सगळे गुडघ्यांवर हात ठेवून फोटोसारखे बसलेले. त्यात सेन्सर वीस सेकंदांतच दिवा विझवत होता. माझी दहा मिनिटं कुठे गेली ते मला कळेना. वेळ बदलायचा पासवर्ड गंधालीकडे. विचारलं तर म्हणते, "आठवत नाही रे," आणि लागली पोह्यांतले शेंगदाणे वेचायला.

शेवटी काकांनी फर्मान काढलं, "तू असं कर, स्टुलावर चढ आणि सेन्सरपुढे हलत राहा." हललो, मामा! माझी वाट लागत होती आणि मीच तिला उजेड दाखवत होतो. निहारची आई वर कौतुकाने म्हणाली, "किती गुणी आहे हो तुमचा इलेक्ट्रिशियन!" मग गंधालीकडे वळल्या, "स्वयंपाक येतो ना गं? आमच्याकडे डबा पहाटे पाचला लागतो."

माझं डोकंच फिरलं. हलायचं थांबलो. ठार पुतळा. अंधार झाला.

"अरे, हल ना गाढवा!" काका ओरडले.

मी अंधारातच म्हणालो, "नाही हलणार. हिचं लग्न माझ्याशी होणार आहे!" बोलताना हात उगारला गेला असावा, कारण त्याच क्षणी लख्ख उजेड पडला आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

पाहुणे पोहे अर्धे टाकून गेले. काका सोफ्यावर बसले (तेवढ्यात दिवा दोनदा विझला, मीच हलून लावला). मग म्हणाले, "कॉलेज सोडलेल्या पोराशी मी बोलत नाही. घरातलं जाणतं माणूस घेऊन ये." मी उतरलो. स्टूल मात्र त्यांनी सेन्सरखाली तसंच राहू दिलं.

मामीला नमस्कार.

तुमचा (अजूनही असेन तर) भाचा,
सर्वेश

ता. क. ते जाणतं माणूस म्हणजे तुम्ही. येत्या रविवारी पाच वाजता मामीला घेऊन या. कॉलेजवरून जे काय झापायचं ते येऊन झापा, मी मान खाली घालून ऐकेन आणि पुन्हा फॉर्म भरेन, देवाशप्पथ.

ता. क. २. माझ्या वायरिंगला नावं ठेवू नका. गंधालीने काल कबूल केलं की पाहुणे यायच्या आधी दहा मिनिटांचे वीस सेकंद तिनेच केले होते. वर मलाच म्हणते, "कंटाळून गेलेच असते ना ते! तू कशाला स्टुलावरून भाषण ठोकलंस?" माझा धक्का अजून का उतरला नाही ते कळलं ना?

ता. क. ३. ती वेळ तिने अजून पूर्ववत केलेली नाही. तुम्ही आणि मामी काय विचारता ते ऐकून ठरवणार म्हणते. तेव्हा डब्याचा विषय काढू नका, आणि सोफ्यावर बसल्या बसल्या जरा हात हलवत राहा.