टाकीच्या जागेचा सल्ला

मी, तारामती व्यंकटी सोनकांबळे, वय ७१, निवळगाव नगर परिषदेची निवृत्त पाणीपुरवठा अभियंता, राहणार निवळगाव, जि. नांदेड, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. रक्तदाब आहे, तोही कालपासून आनंदाने चढलेला!

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. काल सर्वसाधारण सभेत माझ्या मुलीचा, नगरसेविका विशाखाचा, ठराव मंजूर झाला. यापुढे नगराध्यक्षांनी "कर्मचाऱ्यांचा सल्ला असा आहे" म्हटलं, की तो सल्ला त्या कर्मचाऱ्याने स्वतः भर सभेत सांगायचा. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. शिपाई म्हणाला, "बाई, खाली बसा." बसते कशाला!

कलम १. राहते घर, अंगणातल्या लिंबासह, विशाखाला. लिंब तोडायचा नाही. पत्र्यावर पाला पडतो म्हणून कुरकुर करायची नाही.

कलम २. माझा ओळंबा, टेप आणि लेव्हलचे यंत्र भाचा आदर्शला. तो लातूर जिल्ह्यात कनिष्ठ अभियंता आहे आणि या ठरावाच्या विरुद्ध होता. "मावशी, उघड्यावर इचारलं तर कोण खरं बोलंल? मी तर गपच बसंन," असं तो माझ्याच ओसरीवर बसून म्हणाला. राग आला, पण पोराचं खोटं नव्हतं. साहेबाला 'हे चुकतंय' म्हणायला बंद दार लागतं, मलाही लागलं होतं. म्हणून विशाखाने मसुदा बदलला. सल्ला देताना दार लोटलेलं चालेल, पण सल्ल्याच्या नावावर निर्णय खपवायचा असेल तर दार उघडायचं. आदर्श, अवजारं ने आणि गप बसू नकोस.

कलम ३. पुस्तके विहाराच्या वाचनालयाला. पितळी घंगाळ जाऊबाईंना. ते आपल्या माहेरचं आहे असं त्या गावभर सांगतात. न्या एकदाचं.

कलम ४. माझे नाव. ही माझी सर्वांत मोठी मिळकत आणि ती माझ्या ताब्यात नाही.

नाल्याकाठच्या काळ्या मातीत पाण्याची टाकी बांधायचं ठरत होतं, तेव्हा नगराध्यक्ष होते अण्णाराव शिराळे, म्हणजे आमचे समोरचेच. त्यांच्या दालनात आम्ही दोघंच होतो. मी सांगितलं, "ही माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात फाटते. इथं टाकी उभी ऱ्हायची न्हाई." ते म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं या चार भिंतीतच ऱ्हाऊ द्या. सल्ला गुप्त असतो." नियम तसाच होता, मी मान डोलावली. मग सभेत जाऊन त्यांनी सांगितलं, "अभियंताबाईंच्या सल्ल्यानंच जागा ठरली हाय." मी तिथेच बसले होते. सल्ला गुप्त, तेव्हा माझं तोंडही बंद.

टाकी कलली. कधी पूर्ण भरता आली नाही. नाव पडलं 'बाईची टाकी'. आजही हदगावच्या बसचा कंडक्टर ओरडतो, "बाईची वाकडी टाकी, उतरा!" आणि माझी नात खिडकीकडे तोंड करून बसते. मला ते फार लागतं.

कलम ५. साक्षीदार. आपल्याकडे साक्षीदार "कुठं सही करू?" एवढंच विचारतो, मजकूर ऐकत नाही. इथे ती पद्धत चालणार नाही. हे मृत्युपत्र अंगणात मोठ्याने वाचले जाईल, फाटक उघडं ठेवून, आणि ऐकल्यावरच सही होईल. एक साक्षीदार औषध दुकानदार विरूपाक्ष बिराजदार. दुसरे अण्णाराव शिराळेच. विशाखा म्हणाली, "आई, ते उठून गेले तर? दुसरं कुणी बघ ना." दुसरं कुणी त्या दालनात नव्हतं! त्यांनी सही केली नाही तर हा कागद रद्दी समजावा. घराचं काय होईल ते होवो.

जुन्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं की अण्णारावांना माझ्या मयतीला येऊ देऊ नये. ते कलम काढलं आहे. यावं, आणि चहा घेऊन जावं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून, वाचताना माझा आवाज कापेल, पण सही कापणार नाही.

सही: तारामती व्यंकटी सोनकांबळे
स्थळ: निवळगाव, घराचे अंगण
दिनांक: १२ मार्च २०२६

साक्षीदार १: विरूपाक्ष बिराजदार. ऐकले.

साक्षीदार २: अण्णाराव शिराळे. सगळं ऐकलं. बाई नको म्हणत होत्या. जागा मी ठरवली. कंडक्टरला मी स्वतः सांगतो.