चिंधी गळेपर्यंत

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एका अत्यंत गंभीर प्रकरणी तुमच्याकडे तक्रार करणं भाग आहे. तुमच्या काढ्याच्या बाटलीचं बूच तुमच्या सूनबाईंनी फेकून दिलं. त्या जागी आता निळं प्लास्टिकचं झाकण विराजमान आहे, ते धड लागत नाही आणि लागलं तर निघत नाही. मी निषेध नोंदवला, तर म्हणाली, "बुरसलेलं लाकूड होतं ते." लाकूड! मी सांगू लागलो की बूच म्हणजे साल. परदेशात ओकच्या जातीच्या एका झाडाची रानंच्या रानं माणसं अशी सोलतात की झाड जिवंत राहतं, आणि नवी साल पुरती जाड होईपर्यंत त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. अर्ध्या वाक्यात ती कुकर बघायला उठली. हेच तुम्ही भिसेगावच्या दवाखान्यात सांगायचात, तेव्हा रोगी खोकला दाबून ऐकायचे.

त्या बुचाच्या रानांवरूनच तुम्ही आपल्या खालापूरकडच्या ओढ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडांना कायदा लावलात. थंडीची सकाळ आहे, तुम्ही कानाला मफलर गुंडाळून झाडासमोर उभे आहात. शेजारचे शेतकरी काका तुमच्या काढ्यासाठी कोयत्याने साल काढताहेत, आणि तुम्ही त्यांच्यावर वर्गातल्या मास्तरासारखे खेकसताहात: एकाच बाजूची घ्या, वरवरची घ्या, आतल्या ओल्या थराला धक्का नको, आणि बुंध्याभोवती कडं तर कधीच नको. मग जखमेवर शेणमाती लिंपून जुन्या धोतराची चिंधी बुंध्याला बांधायची. ती आपोआप विरून गळेपर्यंत त्या झाडाला हात लावायचा नाही. "आन् कुनी आदीच सोडली तर, वैद्यबुवा?" काकांनी विचारलं. "तर त्याच्या काढ्यात एरंडेल," तुम्ही म्हणालात. दोन-तीन पावसाळ्यांत चिंधी गळायची, तोवर साल भरून यायची. कुणी कधी सोडली नाही.

अजूनही सोडत नाहीत, हीच तर पंचाईत आहे. काका गेले, आता त्यांची सून ते सगळं बघते. तिचा नवरा रसायनीच्या कारखान्यात पाळीवर जातो. तुमचा कायदा ती तुमच्या मुलापेक्षा कडक पाळते. फक्त धोतरं संपली, म्हणून ती आपल्या जुन्या साडीच्या चिंध्या बांधते. आणि अण्णा, ती साडी नायलॉनची आहे. पावसाळ्यामागून पावसाळे गेले, तिच्यावरचं एक फूल फिकटलेलं नाही. खालची जखम कधीच बुजली असेल, पण चिंधी आहे म्हणजे झाड बंद. वळणावरच्या म्हाताऱ्या अर्जुनाचा बुंधा मात्र एवढा जाड की साडीची चिंधी पुरत नाही. त्याला सासूच्या सुती लुगड्याची पट्टी बांधतात. ती ओढ्याच्या पुरात एका पावसाळ्यात कुजून जाते, की झाड उघडं! म्हणून दर हिवाळ्याला त्याच एकट्याची साल निघते, दर खेपेला वेगळ्या बाजूची. शिवाय हल्ली फार्महाऊसवाल्यांना फोनवर कळलंय की अर्जुनाचा चहा काळजाला बरा, त्यामुळे टेंपो दारात येतो. आता त्या झाडाची एकच बाजू शिल्लक आहे. तीही काढली की कडं पुरं, आणि झाड संपलं.

परवा मी मुद्दाम गेलो. म्हटलं, "वहिनी, या वर्षी म्हाताऱ्याला सोडा, साडीवाल्यांतल्या एखाद्याची घ्या."

"नाय वो दादा. अण्णा काय बोलले व्हते? गळंपर्यंत हात नाय लावायचा. गळलीय काय ती?"

"अहो, नायलॉन आहे ते. सात जन्म गळणार नाही."

"मंग सात जन्म नाय लावायचा."

रात्रपाळी करून आलेला नवरा ओटीवरून ओरडला, "अगं, पन ते मोटं झाड मरंल ना!"

"तुमी झोपा वो गप. इथं शास्त्राचं चाललंय."

बघा अण्णा. कायदा तुमचा, साडी तिची, आणि शास्त्राच्या नावाने बोलणी खायला मी. मी जरा आवाज चढवला, तशी ती कोयता खाली ठेवून सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "बरं, तुमी सांगा. वैद्याचं पोरगं ना तुमी? कंचं झाड भरलंय त्यावर बोट ठेवा, आत्ता सोडते चिंधी. टेंपो रविवारी येनार हाय."

मग मी एकेका झाडापाशी गेलो. तुम्ही अंगठा दाबून बघायचात, बोटाच्या पेराने ठोकून कान लावायचात, तसं सगळं केलं. चेहराही तुमच्यासारखा गंभीर केला. ककुभ, इंद्रद्रु, नदीसर्ज, अर्जुनाची सगळी संस्कृत नावं मनात हजर झाली; सालीकडून मात्र काहीच कळलं नाही. सगळी झाडं हाताला सारखीच लागली. "रविवारच्या आत सांगतो," म्हणालो आणि निघालो.

हे लिहून मी पोस्टात टाकणार नाही, टाकणार तरी कुठल्या पत्त्यावर? घरातही हे कुणाला सांगितलेलं नाही. बोट दाखवलं नाही, तर ते म्हातारं झाड जातं. आणि दाखवलं, तर ते न भरलेल्या झाडावर पडलं तरी ती काही न विचारता माझं ऐकेल. मला भीती वाटते ती त्याचीच.