गोदाकाठचे समुद्रपक्षी

१२ नोव्हेंबर १९३७, शुक्रवार
जालन्याच्या बाजारात पक्ष्यांवरचं इंग्लिश पुस्तक मिळालं. छावणीतल्या कुणा गोऱ्या साहेबाचं असावं. पुढची-मागची पानं गेलेली. फक्त समुद्रपक्ष्यांचं प्रकरण शाबूत. हरकत नाही, एकाच विषयात खोल जाता येईल. समुद्र मी पाहिलेला नाही, त्यामुळे मनात पूर्वग्रह नाहीत. संकल्प: निजामाच्या राज्यात दर शुक्रवारी शाळेला सुटी, तेव्हा पहाटे चारला उठून सायकलनं गोदावरीवर. घनसावंगीच्या पोरांना स्पेलिंगं शिकवत सडण्यासाठी माझा जन्म नाही.

१४ नोव्हेंबर, रविवार
पुस्तकात नावांच्या जन्मकथाही आहेत. कॉर्मोरंट म्हणजे लॅटिनमध्ये समुद्राचा कावळा. गल हे नाव म्हणे रडण्यावरून. पेट्रेल पाण्यावर पावलं टाकत जातो, म्हणून त्याला संत पीटरचं नाव. आपल्या लोकांनी एवढा विचार कधी केला नाही. म्हणून मीच नावं पाडली: समुद्रकाक, रुदनिका, पीटरपक्षी. उमेला वाचून दाखवली. ती म्हणाली, नावं ठेवण्यात तुमचा हात कोण धरणार. बायकोची अशी दाद क्वचित मिळते.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार
साडेआठला उठलो. थंडी फार. पक्ष्यांनाही असणारच.
नदीवर पोचताच तिन्ही दिसले. समुद्र दोनशे मैल लांब असताना. काळा, बुडी मारून लांब वर येणारा: समुद्रकाक. काठावर शेपूट हलवत तुरुतुरु चालणारा: पीटरपक्षी. (शेपटीबद्दल पुस्तकात काही नाही. लेखकाच्या नजरेतून सुटलं.) पांढरा, म्हशीच्या मागे: रुदनिका. गल जहाजांमागे जातात असं पुस्तक म्हणतं. इथे म्हैस आहे. रडला मात्र नाही.
मेंढ्या पाण्यावर आणणाऱ्या साखराबाईनं विचारलं, काय बघून राह्यले. सगळं समजावलं. ती काहीतरी सांगायला लागली. मला टिपणं करायची होती, म्हणून थांबवलं.

२४ नोव्हेंबर, बुधवार
मोहतमीम साहेब, म्हणजे शाळांचे इन्स्पेक्टर, शुक्रवारी इथेच मुक्कामाला आहेत. त्यांना नदीवर नेऊन लेक्चर द्यायचं ठरवलं. हेडमास्तर काकासाहेब म्हणाले, तुमची जबाबदारी. औरंगाबादची ट्रान्सफर झालीच समजा. उमेला सामान बांधायला सांगितलं. ती म्हणाली, आधी साहेब तर येऊ द्या.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार
लेक्चर रंगलं. रुदनिकेपर्यंत. साहेब हजला जाताना बारा दिवस बोटीवर होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हशीकडे बराच वेळ पाहून हळूच म्हणाले, "मास्टरसाब, ये तो बगला है."
मग त्यांनी मेंढ्यांना पाणी पाजणाऱ्या साखराबाईलाच विचारलं.
"काळा त्यो पाणकावळा," ती म्हणाली. "आन ह्यो परीट. धुणं आपटल्यावानी शेपूट आपटतो, म्हनून परीट. मास्तरला तवाच सांगत होते, त्यायनी ऐकलं न्हाई."
साहेबांनी वहीत उतरवून घेतलं. साखराबाईपर्यंत लॅटिन कसं पोचलं, कळत नाही.

२ डिसेंबर, गुरुवार
हुकूम आला. ट्रान्सफर नाही. तालुक्यातल्या पक्ष्यांची बोलीतली नावं मास्तरांनी जमवून पाठवावीत. सोबत छापील तक्ता. म्हणजे माझ्या कामाला सरकारी मान्यताच. महिन्यात पन्नास नावं पाठवीन. साखराबाईला उद्या शाळेत यायचा निरोप धाडला.

३ डिसेंबर, शुक्रवार
साखराबाई आली नाही. मीच गेलो.
"बोलत बसले तर मेंढ्या कोन बघंल?" ती म्हणाली. "तुम्ही बघा, मंग सांगते."
दिवसभर बेचाळीस मेंढ्या सांभाळल्या. तीन रामकिसनच्या ज्वारीत घुसल्या. त्याचं ऐकून घेतलं. साखराबाई बाभळीच्या सावलीत भाकरी खात तिथूनच नावं सांगत होती. चार मिळाली. संध्याकाळी तिनं वाचून दाखवायला लावली. तिसऱ्या नावाला म्हणाली, "तसं न्हाई, मास्तर." पाच वेळा खोडलं. सहाव्यांदा मान हलवली.
घरी आलो. पाय धड उचलवत नव्हते. उमेनं गरम पाणी दिलं. तक्ता भरायला घेतला. पक्ष्याच्या नावाला रकाना आहे. नाव सांगणाराच्या नावाला रकाना आहे. लिहून घेणाराच्या नावाला नाही. तक्ता उलटा करूनही पाहिला.